पावसाळ्यात एक खोली कोरडी ठेवताना

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात भिंती, लाकूड, अंथरुणे आणि पुस्तके ओल धरतात, चामड्याच्या वस्तूंवर आणि कपाटातील कपड्यांवर बुरशी येते, मीठ पाणी सोडते, आणि हे सारे इथे वाढलेल्या माणसाच्या इतके अंगवळणी पडलेले असते की त्यावर काही उपाय असू शकेल असा विचार सहसा कोणी करत नाही. फोंडा तालुक्यातील बांदोडे येथील आमच्या घरात मात्र तो विचार करणे भाग पडले. सासूबाईंना जुना दमा आहे आणि श्रावण-भाद्रपदात तो हमखास बळावतो. डॉक्टरांनी त्यांची खोली बुरशीपासून आणि अंथरुणातील धुळीच्या किड्यांपासून शक्य तितकी मुक्त ठेवण्यास सांगितले होते. दुसरे कारण सासऱ्यांच्या वह्यांचे. आमच्या भागात जत्रेच्या रात्री देवळासमोर मराठी नाटके करण्याची परंपरा आहे आणि सासरे आयुष्यभर त्या नाटकांच्या संहिता हाताने उतरवून घेत, पदांच्या चाली आणि प्रवेशाच्या सूचना समासात टिपून ठेवत. त्यांच्या पश्चात त्या वह्यांवर तपकिरी ठिपके उमटू लागले आणि काही पाने एकमेकांना चिकटली. या वह्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

आरंभ मोजण्यापासून केला. काही शे रुपयांत मिळणारे छोटे आर्द्रतामापक घेतले, पण त्यांनी दाखवलेला आकडा पारखून घेतल्याखेरीज त्यावर भिस्त ठेवणे योग्य नव्हते. ही पारख घरातील मिठाने करता येते. एका झाकणात साधे मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूइतके दाट होईल एवढेच पाणी घालायचे आणि ते झाकण व मापक एकाच हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. अशा ओल्या मिठाच्या सान्निध्यात बंद डब्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा मिठाचा गुणधर्म आहे. आमच्या एका मापकाने ७९ दाखवले, दुसऱ्याने ७४. तेव्हापासून प्रत्येकावर किती वजा करायचे आणि किती मिळवायचे याची चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे.

जुलैतील झडीच्या एका दुपारी पडवीत ९३ टक्के, माजघरात ८८, सासूबाईंच्या मागच्या खोलीत ८५ आणि त्याच खोलीत कपाट व भिंत यांच्यामधल्या फटीत ९१ अशी नोंद झाली. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा ठरला. बुरशी खोलीच्या मध्यभागी वाढत नाही, ती पृष्ठभागावर वाढते, आणि पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की तिला आवश्यक ते सगळे मिळते. म्हणून खोलीच्या मधोमध ६० टक्के राखले तरच कोपऱ्यांत, कपाटांच्या मागे आणि गादीखाली ती धोक्याच्या खाली राहते. हे ६० आम्ही लक्ष्य म्हणून ठरवले.

याच सुमारास माझ्या भाचीशी झालेल्या बोलण्याचा मला फार उपयोग झाला. ती कॅनडात विनिपेगला राहते आणि तिथे थंडीत घर तापवण्याचा हंगाम सुरू झाला की तिची अडचण आमच्या नेमकी उलट असते: ओठ फुटतात, नाकातून रक्त येते, लाकडी जमिनीच्या फळ्यांमध्ये फटी पडतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो. बाहेर उणे १० अंश असताना पूर्ण दमट हवेतसुद्धा घनमीटरला जेमतेम २.४ ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची बाष्प सामावण्याची शक्ती १८ ग्रॅमच्या वर जाते आणि सापेक्ष आर्द्रता १३ टक्क्यांवर येते. म्हणून ती यंत्राने हवेत पाणी सोडते, पण तेही ३० ते ३५ टक्क्यांपर्यंतच, कारण त्यापुढे गेले की खिडकीच्या थंडगार काचांवर पाणी जमून चौकटी कुजू लागतात. टक्केवारी म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढे बाष्प धरू शकते त्याचा किती हिस्सा तिने धरला आहे एवढेच असते आणि प्रत्यक्ष पाणी किती आहे हे कळायला ग्रॅम पाहावे लागतात, हे मला तिच्या उदाहरणातून पक्के समजले.

मग आमच्या घराचे ग्रॅम मांडून पाहिले. २७ अंशांना हवेत घनमीटरमागे सुमारे २६ ग्रॅम बाष्प मावते. बाहेर ९३ टक्के म्हणजे २४ ग्रॅम, आतल्या खोलीत ८५ टक्के म्हणजे २२ ग्रॅम. अर्थात खिडकी उघडली की ओल बाहेर जात नव्हती, उलट आत येत होती. पाऊस ओसरून लख्ख ऊन पडले की पडवीतला मापक ७५ दाखवायचा आणि घरातील सगळ्यांना खिडक्या उघडाव्याशा वाटायच्या. परंतु तेव्हा तापमान ३० अंशांवर गेलेले असल्यामुळे त्या ७५ टक्क्यांतही जवळपास २३ ग्रॅम पाणी असायचे, आणि ती हवा सावलीतल्या खोलीत येऊन निवली की आर्द्रता पुन्हा होती तिथेच. उन्हात घातलेले कपडे किंवा गादी सुकते ती ऊन त्या वस्तूला तापवते म्हणून. खिडक्या उघडल्याने भिंतीआडच्या कपाटाला तो लाभ मिळत नाही.

पूर्वीच्या घरांत हे तापवण्याचे काम चूल करत असे. सासूबाई सांगतात की त्यांच्या लहानपणी बियाणे, सुके खोबरे, सोलां (आमसुले) आणि चिंचेचे गोळे चुलीवरच्या माळ्यावर असत आणि भाद्रपदापर्यंत त्यांना काही होत नसे. ८५ टक्के आर्द्रतेची २७ अंशांची हवा नुसती ३० अंशांपर्यंत तापली तरी टक्केवारी ७२ वर उतरते. दिवसभर धगधगणाऱ्या निखाऱ्यांच्या वर तर त्याहून कितीतरी अधिक फरक पडत असणार, शिवाय कौलांच्या फटींतून धुराबरोबर बाष्पही निघून जात असे. गॅसच्या शेगडीने ती सततची ऊब गेली, पाणी मात्र राहिले: एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून घरात २२ लिटरहून अधिक पाणी येते. स्वयंपाकघराचा बाहेर फेकणारा पंखा आम्ही त्यानंतर रांधताना आणि त्यानंतरही काही वेळ चालू ठेवू लागलो. धुतलेले कपडे सासूबाईंच्या खोलीतील दोरीवर वाळत घालणे बंद केले, कारण यंत्रात पिळून निघालेल्या एका धुण्यातही दोन-तीन लिटर पाणी उरलेले असते आणि ते सगळे त्या खोलीच्या हवेतच जात होते. कपड्यांची दोरी पडवीत गेली आणि तिथे भिंतीवरचा पंखा बसवला; कपडे सुकायला वेळ लागतो, पण ती ओल निदान अंथरुणात मुरत नाही.

संपूर्ण घर कोरडे करण्याचा विचार आम्ही आरंभीच सोडून दिला. पुढची वसरी, माजघर आणि राजांगणाभोवतीचे खण मंगळुरी कौलांखाली आहेत आणि कौलारू छपरातून हवा सतत खेळत राहते. ते छप्पर तसेच असावे म्हणून घातलेले असते. बंदिस्त करण्याजोगी एकच खोली होती, मागच्या बाजूला नंतर वाढवलेली, वर काँक्रीटचे छत असलेली, बारा फूट लांब आणि तेवढीच रुंद. सासूबाई तिथेच झोपतात. वह्या, पुस्तके आणि मुलांची घुमटे (आरतीला वाजवायची मातीची चर्मवाद्ये) तिथे हलवली.

त्या खोलीसाठी पावसाच्या ऐन भरात ओल शोषणारे यंत्र आणले. अशा यंत्रांचे दोन प्रकार असतात. एकात शीतकपाटाप्रमाणे कॉम्प्रेसर असतो. थंड नळ्यांवर बाष्पाचे पाणी होते आणि तीच हवा गरम नळ्यांवरून खोलीत परत येते. दुसऱ्यात ओल शोषून घेणारे फिरते चाक असते. ते थंड प्रदेशांना मानवते, पण खोली अधिक तापवते. आमच्या हवामानाला पहिला प्रकार योग्य. खोक्यावर लिहिलेली २० लिटरची क्षमता सहसा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. हवा कोरडी होत जाते तसे मिळणारे पाणी घटते आणि ६० टक्क्यांजवळ ते निम्म्यावर येते. यंत्र घेताना हा हिशेब धरावा, आणि आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी: गोव्यात पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा ती परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणारे असावे. पुष्कळ यंत्रे बटण दाबेपर्यंत बंदच राहतात. पाण्याची नळी आम्ही थेट न्हाणीघरात सोडली. आरंभी मात्र बादली लावली होती, किती पाणी निघते ते कळावे म्हणून.

त्या बादलीने जे दाखवले ते मला या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचे वाटते. खोलीची उंची दहा फूट धरली तर तिच्यात सुमारे ४१ घनमीटर हवा असते. ८५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर यायला प्रत्येक घनमीटरमधून साडेसहा ग्रॅम पाणी काढावे लागते, म्हणजे सगळ्या खोलीच्या हवेत मिळून जास्तीचे पाणी होते अवघे पाव लिटर. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी बादलीत आठ लिटरच्या वर पाणी जमले, दुसऱ्या दिवशीही जवळपास तितकेच, आणि यंत्र दुपारभर बंद ठेवले की मापक पुन्हा ८० च्या पुढे. हे पाणी हवेतले नव्हते. त्यातील काही दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरून येत होते. ताशी एकदा जरी खोलीतील सगळी हवा बदलली, तरी दिवसाला आठ लिटर पाणी नुसते त्या वाटेने आत येते. म्हणून दाराच्या चौकटीला रबरी पट्ट्या लावल्या, दाराखाली ब्रश लावला आणि जाळीचा झरोका काचेने बंद केला. तरीही पाणी येतच राहिले, कारण उरलेले वस्तूंमध्ये साठलेले होते. ८५ टक्के आर्द्रतेत कागद आपल्या वजनाच्या सुमारे १३ टक्के पाणी धरून बसतो, ५५ टक्क्यांत सुमारे ८ टक्के; म्हणजे १०० किलो पुस्तकांतून पाचेक लिटर पाणी सुटायचे असते. कापसाची गादी, उशा, सागवानी कपाट, कपडे आणि भिंतीचा गिलावा यांचे असेच. हवा कोरडी झाली की या वस्तू आपले पाणी तिला देतात आणि त्या सुकेपर्यंत मापकावरचा आकडा टिकत नाही. आमच्या खोलीला ६० वर स्थिरावायला त्या पावसाळ्यात कित्येक आठवडे लागले, आणि तोवर चवथ (गणेश चतुर्थी) येऊन ठेपली.

यातून पुढच्या वर्षाचा क्रम ठरला. वस्तू ओल्या झाल्यावर खोली सुकवण्यापेक्षा वस्तू कोरड्या असतानाच खोली बंद करायची. आपल्याकडे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, रीत हीच आहे: मिरच्या, सोलां, सुके मासे, पापड आणि कडधान्ये चैत्र-वैशाखाच्या उन्हात कडकडीत सुकवायची, मे महिन्यात म्हापसा-मडगावच्या बाजारांतून उरलेले आणायचे, आणि मृग लागायच्या आत सगळे डब्याबरणीत घट्ट झाकून ठेवायचे. पावसात सादळलेला पापड उन्हाविना पुन्हा कुरकुरीत होत नाही हे घरातील प्रत्येकीला माहीत असते. हे शहाणपण गादी, कपाट आणि वह्या यांनाही तितकेच लागू पडते, हे बादलीने सिद्ध केले.

त्याआधी भिंतीचे काम करून घेणे आवश्यक होते. मागच्या खोलीची पश्चिमेकडील भिंत पावसाच्या तोंडावर आहे. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आणि चिरा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतले तसेच झडीचे पाणी सहज ओढतो. त्यावर आतून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग दिलेला होता, त्यामुळे आत शिरलेले पाणी बाहेर पडू न शकता रंगाचे फुगे काढत होते आणि खालच्या हातभर पट्ट्यात लोणा लागला होता. दिवाळीनंतर एका जाणत्या गवंड्याला बोलावले. त्यांनी सर्वप्रथम वर पाहिले: पन्हळ एका बाजूने कलंडली होती आणि पागोळ्यांचे पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडत होते. पन्हळ सरळ करून, पायाशी बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी घालून, चिऱ्यांचे सांधे नव्याने भरून झाल्यावरच त्यांनी आतला रंग व पोपडे काढले, लोणा खरवडला आणि चुन्याचा गिलावा करून वर चुन्याचेच हात दिले. चुन्यातून भिंतीतील ओल हळूहळू बाहेर पडू शकते आणि त्याच्या क्षारतेमुळे त्यावर बुरशी सहजी धरत नाही. हे काम उन्हाळाभर सुकू दिले. वैशाखात बाहेरून पश्चिमेच्या अंगाला माडाच्या विणलेल्या झापा बांधल्या. आमच्या वाड्यावर अजूनही काही घरे मातीच्या भिंतींसाठी हे दरवर्षी करतात आणि झडीच्या माऱ्यापासून राखण्यास याहून स्वस्त काही नाही.

मार्च-एप्रिलमध्ये गाद्या आणि उशा कडक उन्हात उलटसुलट घातल्या, कपाट रिकामे करून फळ्या बाहेर काढल्या, पुस्तके मात्र ऊन टाळून वाऱ्याच्या सावलीत पाने पंख्यासारखी उघडून ठेवली. बुरशीचे डाग असलेल्या वह्या अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने एकेक पान करून साफ केल्या; ओल्या कापडाने बुरशी पुसली की ती कागदात आणखी मुरते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे आणले, जेणेकरून मागे हवा खेळेल. मेच्या मध्याला खोली बंद करून यंत्र सुरू केले.

त्या पावसाळ्यात जुलैच्या भरातही दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी निघाले आणि दुपारी मापक ५८ ते ६२ च्या दरम्यान राहिला. यंत्राला साधारण ३०० वॅट वीज लागते, आणि ते सतत चालत नसल्याने बिलातला फरक सोसण्याजोगा आहे. त्याने खोली दोन अंशांनी गरम होते, कारण बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते आणि यंत्राची वीजही शेवटी उष्णताच होते. सासूबाईंना रात्री ते सोसेना, म्हणून यंत्र दिवसा त्या वसरीत बसलेल्या असताना चालते आणि त्या झोपायला गेल्या की बंद होते. रात्रभराच्या श्वासाने व घामाने पहाटे आकडा ६४-६५ पर्यंत चढतो आणि दुपारपर्यंत उतरतो. त्या वर्षी भाद्रपदात त्यांना रात्री उठून बसावे लागले नाही असे नाही, पण ते क्वचित घडले आणि धाप लागल्यावर घ्यायचा फवारा फार कमी वेळा लागला. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्वीप्रमाणेच चालू होती, त्यामुळे सगळे श्रेय खोलीला देणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्यांच्या उशी-गादीला येणारा कुबट वास मात्र पूर्णपणे गेला.

वह्या आता झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत आहेत. तिच्यात नारिंगी रंगाच्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक मापक ठेवलेला आहे. खडे हिरवट पडले की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. पेटीत ५० ते ५५ टक्के राखतो, त्याहून खाली नेत नाही, कारण फार कोरडा जुना कागद दुमडीवर तडकतो. कपाटांसाठी मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे लहान बंद जागेत उपयोगी पडतात, पण उघड्या खोलीत त्यांचा काही पाड लागत नाही, आणि त्यांत जमणारे खारे पाणी सांडले तर लोखंड व चामडे दोन्ही खराब होतात. घुमटांसाठी वेगळे काही करावे लागले नाही. २०१९ मध्ये गोव्याचे राज्य वारसा वाद्य म्हणून घोषित झालेल्या या मातीच्या वाद्याचे चामडे दमट हवेत सैल पडते. आता ती आरतीच्या वेळेपर्यंत कोरड्या खोलीत असतात, त्यामुळे चवथीच्या दिवसांत वारंवार शेकून घ्यावी लागत नाहीत.

दसऱ्यानंतर हवा बदलते. सकाळी पूर्वेकडून घाटाचा कोरडा वारा येऊ लागतो आणि दुपारी पडवीतला मापक ६० च्या खाली उतरतो. तो सलग आठवडाभर तसा राहिला की यंत्र बंद करून त्याची गाळणी धुतो आणि खोलीच्या खिडक्या पुन्हा उघडतो.

यंदा माझ्या नणंदेचा पणजीतला फ्लॅट हाती घेतला आहे. तिच्याकडे कौले नाहीत, चिरा नाही, तरी झोपण्याच्या खोलीच्या पलीकडे असलेले कपाट दर पावसाळ्यात मागून काळे पडते. तिथे एसी रात्रभर २० अंशांवर चालतो, त्यामुळे मधली भिंत गार होते, आणि जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो अंश, २४-२५ च्या घरात असल्यामुळे शेजारच्या उघड्या खोलीतील बाष्प त्या भिंतीवर कपाटामागे पाणी होऊन बसते. एसी २६ अंशांवर ठेवायचा, कपाट त्या भिंतीवरून हलवून दुसऱ्या आतल्या भिंतीला लावायचे आणि त्या खोलीची खिडकी पावसात बंद राखायची, एवढे सध्या ठरले आहे. दोन मापक मिठाने पारखून मी तिच्याकडे दिले आहेत. एक कपाटामागे असेल, एक खोलीच्या मध्यभागी, आणि मृगापासून ती दोन्ही आकडे रोज वहीत लिहिणार आहे.